बंदिवासातील प्राणी आणि जागेचा प्रश्न : हेडिगर यांच्या प्रतिपादनाचे परीक्षण

प्राणिसंग्रहालये व सर्कशी यांतील प्राण्यांविषयीच्या लेखनात दोन सूर नेहमी ऐकू येतात. एक दयेचा : गजाआडचा सिंह म्हणजे जन्मठेपेचा कैदी. दुसरा रखवालदाराचा : वेळच्या वेळी मांस मिळते, उपचाराला वैद्य आहे, शत्रूचे भय नाही, मग दुःख ते कसले? दोन्ही सूर माणसाच्या सुखदुःखावरून प्राण्याचे सुखदुःख ठरवितात. या वादाला प्राणिवर्तनाच्या निरीक्षणाचे अधिष्ठान मिळवून देण्याचे श्रेय बव्हंशी स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांना द्यावे लागते. बर्न, बाझेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे ते क्रमाने संचालक होते. बंदिवासातील वन्य प्राण्यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला.

हेडिगर यांचा पहिला आघात ‘मुक्त प्राणी’ या कल्पनेवर आहे. वनातील प्राणी मनास येईल तिकडे भटकत नाही. त्याचा प्रदेश ठरलेला. त्यातील निजण्याची, पाणी पिण्याची, लोळण्याची स्थाने ठरलेली. त्यांना जोडणाऱ्या वाटाही ठरलेल्या. भूक, शत्रू आणि स्वजातीय यांनी तो चहूंकडून बांधलेला असतो. तेव्हा पिंजऱ्याने स्वातंत्र्य हिरावले असे म्हणण्यापेक्षा, त्या प्रदेशातील आवश्यक स्थाने पिंजऱ्यात उतरली आहेत की नाहीत हे पाहावे. महत्त्व जागेच्या मापाला नाही, तिच्या गुणाला आहे. घासण्यास झाड नाही, लपण्यास आडोसा नाही, अशी विस्तीर्ण फरसबंदी प्राण्याच्या दृष्टीने रिकामीच.

त्यांच्या विवेचनातील अत्यंत समृद्ध भाग अंतरांविषयीचा आहे. शत्रू विशिष्ट अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. हे त्याचे पलायनान्तर. पळण्यास वाव नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला, तर तो उलटून चाल करतो. ही दुसरी, अधिक निकटची मर्यादा. रिंगणातील शिक्षक नेमका या मर्यादेवर उभा असतो. तो पाऊल आत टाकतो, सिंह त्याच्यावर चाल करतो. मध्ये स्टूल असते, सिंह त्यावर चढतो. त्याच क्षणी शिक्षक मागे सरतो आणि सिंह थांबतो. प्रेक्षकाला जी आज्ञाधारकता वाटते ती वस्तुतः अर्ध्यावर थांबविलेली चाल असते. विष्णुपंत छत्रे यांच्यापासून सर्कशीची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकाने हे विवेचन मुद्दाम पाहावे. टाळ्या कोणासाठी वाजत होत्या याचा पुनर्विचार त्यामुळे करावा लागतो.

मात्र येथेच हेडिगर यांचे प्रतिपादन दुबळे होते. शिकवण हा रिकामेपणावरचा उपाय, नियमबद्ध खेळच, असे ते मानतात. रिंगणातील काही मिनिटांपुरते हे मान्य करता येईल. परंतु उरलेला दिवस प्राणी साखळीला किंवा गाडीवरील पिंजऱ्यात असतो, आणि त्या तासांना त्यांचीच गुणवत्तेची कसोटी लावली तर सर्कस टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. त्याच रेषेवर तासन्‌तास येरझारा घालणारा प्राणी सर्वांनी पाहिलेला असतो. या ठरीव हालचालींचा अभ्यास मोनिका होल्त्साप्फेल यांनी १९३८ मध्येच मांडला होता. पुढे बर्नच्या संग्रहालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. जागेचे माप गौण असेल, तर ही व्याधी रचना सुधारताच सर्वत्र सारखी हटावयास हवी. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी ‘नेचर’मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या ३५ जातींची तुलना प्रसिद्ध केली. निसर्गात ज्या जातींचा वावर अधिक विस्तीर्ण, त्यांच्यात बंदिवासात येरझारा आणि पिलांचे मृत्यू अधिक, असे त्यात आढळले. ध्रुवीय अस्वलाला संग्रहालयात सामान्यतः मिळणारी जागा त्याच्या किमान नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे एक दशलक्षांश भरते. हा संबंध जातींच्या सरासरीवरून काढलेला आहे, कार्यकारणाची पूर्ण उकल त्यात नाही, हे खरे. तथापि माप आणि गुण यांची हेडिगर यांनी केलेली फारकत सर्व जातींना लागू नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. काही प्राण्यांच्या बाबतीत अंतर कापणे हाच प्रदेशाचा गुण असावा, आणि तो कोणत्याही कुशल रचनेने पिंजऱ्यात उतरत नाही.

हेडिगर यांच्या दृष्टीचा एक भाग मात्र आजही अपुरा स्वीकारला गेला आहे. सर्कस आणि संग्रहालय यांचा विचार ते एकत्र करतात, कारण त्यांच्यापुढे प्राणी आहे, मालक नव्हे. भारतीय कायद्याने वेगळी वाट धरली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती ग्राह्य धरली. ही बंदी इष्टच होती. परंतु त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने प्राणिसंग्रहालयातील प्राणी आणि शैक्षणिक वा वैज्ञानिक हेतूने केलेले प्रदर्शन त्या प्रकरणातून वगळले आहे. उलट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील सुधारित व्याख्येनुसार सर्कस ही प्राणिसंग्रहालयातच मोडते. एका कायद्याने हेतूवरून जे दोन मानले ते दुसऱ्याने प्रदर्शनावरून एक मानले. येरझारा घालणाऱ्या प्राण्याची अवस्था हा निकष दोन्ही वर्गीकरणांत नाही.