‘राबणं’ की सेवाकार्य?

सिंथिया एन्लो यांचं ‘डझ खाकी बिकम यू?’ (१९८३) तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. सैनिकांच्या बायकांच्या फुकट राबण्यावर लष्कर कसं चालतं, हे त्या स्वच्छ दाखवतात. पण हीच मोजपट्टी ‘प्रोटेस्टंट विमेन ऑफ द चॅपल’ला लावली की माझी पंचाईत होते.

ही संघटना १९५०च्या दशकात जर्मनीतल्या अमेरिकन छावण्यांत उभी राहिली. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ल्युथरन, सगळ्या एकाच टेबलाभोवती. लष्कराच्या लेखी त्या नुसत्या ‘प्रोटेस्टंट’! आता बघा, अमेरिकी भूदलात पहिली स्त्री चॅप्लेन, म्हणजे लष्करी धर्मगुरू, आली १९७४ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका बायबल शिकवत होत्या, प्रार्थना चालवत होत्या. कागदोपत्री मात्र ‘डिपेंडंट’.

काम बिनपगारी होतं, चॅप्लेनच्या देखरेखीखाली होतं, कबूल. पण शास्त्र उघडून दुसरीला त्याचा अर्थ सांगणं आणि चहाचे कप मांडणं आपण एकाच रकान्यात टाकलं, तर अनेक चर्चेसनी या बायकांना जे नाकारलं तेच आपणही नाकारतो. म्हणून माझ्या प्रकरणात मी ‘मदत’ खोडून ‘सेवाकार्य’ लिहिलंय. गाईडना अजून पटलेलं नाही.