फ्यूजन म्हणण्याआधी : 'सैराट'चा अल्बम पुन्हा ऐकताना

पेटची तयारी करणाऱ्या दोघांनी अलीकडे मला त्यांचे सिनॉप्सिस वाचायला दिले. विषय वेगळे, पण एक वाक्य दोन्हींत जवळपास सारखंच होतं: या संगीतात लोकसंगीत आणि पाश्चात्त्य संगीत यांचा सुंदर मिलाफ झाला आहे. वाक्य चूक नाही. अडचण एवढीच की त्यात पुढं शोधण्यासारखं काही उरत नाही. मिलाफ कुठं झाला? ठेक्यात, चालीत, शब्दांत, की फक्त श्रेयनामावलीत?

हे तपासायला मी 'सैराट' घेतो. एक तर तो सगळ्यांच्या कानात आहे. दुसरं म्हणजे त्याचा करमाळा आपल्या परांड्याला लागून, त्यामुळं त्यातली बोली आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा 29 एप्रिल 2016 ला आला. अजय-अतुलनं त्याचा वाद्यवृंद अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. बातम्या बहुतेक त्याच्याच झाल्या. अल्बममध्ये गाणी फक्त चार.

आता जरा बाहेर बघू. स्कॉटलंड आणि अमेरिकेच्या लोकगायकांनी एकत्र येऊन गाण्याची मोठी परंपरा आहे. 1995 साली सुरू झालेली 'ट्रान्सअटलांटिक सेशन्स' ही दूरचित्रवाणी मालिका त्यातली सगळ्यात परिचित. शेटलंडचा फिडलवादक अ‍ॅली बेन आणि अमेरिकेचा डोब्रोवादक जेरी डग्लस तिच्या केंद्रस्थानी. पण तिथं भेटणारे दोघे मुळात चुलतभाऊ आहेत. 'बार्बरा अ‍ॅलन'सारखी बॅलड स्थलांतरितांबरोबर समुद्र ओलांडून अ‍ॅपलाचियन डोंगरांत गेली आणि तिथंच रुजली. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस यांनी 1916 ते 1918 या काळात तिथं फिरून अशी गाणी टिपली. म्हणजे तिथला मिलाफ एका अर्थानं घरवापसी आहे. 'सैराट'मध्ये असं नातं नाही. वायोलिनच्या ताफ्याचं आणि आपल्या हलगी-संबळाचं मूळ घर एक नाही. मग भेट कुठं होते?

माझं मत असं की ती वाद्यांत कमी आणि शब्दांत जास्त होते. 'याड लागलं' घ्या. सुरुवातीला तंतुवाद्यं हळूहळू चढत जातात, एखाद्या हॉलिवूडपटासारखी. त्यानंतर अजय गोगावलेचा आवाज येतो आणि तो 'वेड' म्हणत नाही, 'याड' म्हणतो. वेळेचा येळ करणारी ही बोली मराठी सिनेमात बराच काळ विनोदी पात्राची होती. इथं तिच्यामागं पूर्ण वाद्यवृंद उभा राहतो आणि हसू येत नाही. अल्बमची खरी कमाई मला ही वाटते. बोलीला शोभा आणायला वाद्यवृंद आणलेला नाही, तिचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला आणलाय.

हे नुसतं मत राहू नये म्हणून तपासायची सोयही आहे, आणि ती संशोधकाला क्वचितच इतकी आयती मिळते. 2018 च्या 'धडक'मध्ये हीच चाल 'पहली बार' म्हणून आली. संगीतकार तेच, गायकही अजयच, फक्त शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, हिंदीतले. बाकी बरंचसं तेच ठेवून एकच गोष्ट बदललेली! दोन्ही लागोपाठ ऐका. हिंदी गाणं गोड आहे, पण मला ते कुठल्याही गावातलं वाटतं. भव्यता तशीच आहे, ताण गेलाय. तुम्हाला उलट ऐकू आलं तर माझा दावा कच्चा समजा, पण कुठल्या जागी तसं वाटलं ते लिहून ठेवा.

आता जे खटकतं ते. 'आताच बया का बावरलं' श्रेया घोषालनं गायलंय, 'सैराट झालं जी'मध्ये अजयबरोबर चिन्मयी श्रीपाद आहे. दोघी उत्तम गायिका, पण एक बंगाली, दुसरी तमिळ. पडद्यावरची आर्ची अकलूजच्या रिंकू राजगुरूनं केलीय आणि तिचं बोलणं म्हणजे दगडासारखं ठसठशीत. ती गाऊ लागली की मात्र आवाज एकदम मखमली होतो. पुरुषाच्या बोलीला जो खरखरीतपणा परवडला तो बाईच्या गाण्याला का परवडला नाही? हा प्रश्न एकट्या या अल्बमचा नाही, आणि त्यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तुळजापूरच्या परिसरात गोंधळ ऐकलेल्यांना माहीत आहे की संबळ आणि तुणतुण्यावर ध्रुपद किती वेळ घोळवायचं हे समोरच्या माणसांवर ठरतं. रंग चढला की गोंधळी ते लांबवतो, नाही तर कथेकडं वळतो. नोटेशन वाचून वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला ही मोकळीक नसते, सगळं आधी मोजलेलं असतं. 'सैराट झालं जी'मधला 'जी' ऐकला की शाहिरी, गोंधळी ढंग आठवतो, पण तो ठरल्या जागीच थांबतो. हे बिघडलंय असं मी म्हणत नाही. ध्वनिमुद्रणात हे व्हायचंच. फक्त त्याला लोकसंगीत म्हणताना काय गळलं याची नोंद प्रबंधात हवी. 'झिंगाट'ची गंमत अशी की त्याची सुटलेली बाजू लोकांनीच परत मिळवली: आपल्याकडच्या वरातीत ते ठरल्या लांबीत संपतच नाही, बँडवाला पोरं दमेपर्यंत फिरवून फिरवून वाजवतो. फील्डवर्क करायचं तर तिथं करा.

अजून एक. चारही गाणी सिनेमाच्या पूर्वार्धात आहेत. पोरं हैदराबादला पळून गेल्यावर गाणी संपतात आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतलाय. आर्ची पाटलाची, परशा पारधी. जातीचं उत्तर येतं तेव्हा ना हलगी आहे ना वायोलिन. अल्बम वेगळा काढून ऐकणाऱ्याला हे कधीच ऐकू येत नाही, म्हणून सिनॉप्सिसमध्ये तुमचा अभ्यासविषय अल्बम आहे की सिनेमा, हे पहिल्याच पानावर लिहा.