झेडडी ते झेडडीएम

मूर्तिजापूरहून कारंजा लाडमार्गे यवतमाळला जाणाऱ्या छोट्या गाडीला वऱ्हाडाने ‘शकुंतला’ म्हटले. तिच्या वाफेच्या इंजिनाची सरकारी ओळख मात्र दोन अक्षरांची, झेडडी. 1921 साली मँचेस्टरला घडलेले हे इंजिन 1923 मध्ये कामाला लागले आणि 15 एप्रिल 1994 रोजी उतरले. मागून झेडडीएम जातीचे डिझेल आले.

ही दोन नावे शेजारी ठेवून वाचण्यात गंमत आहे. ‘झेड’ दोन्हीकडे तोच: अडीच फुटी रूळ. ‘डी’ मात्र चकवतो. नव्या नावात तो डिझेलचा आणि ‘एम’ मिश्र कामाचा, म्हणजे माल ओढा की माणसे. जुन्या नावातल्या ‘डी’चा डिझेलशी काडीचा संबंध नाही! ब्रिटिश काळातल्या प्रमाणित इंजिनांत एक्स म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज. पुढे ए, बी, सी, डी अशी ओळीने अक्षरे. एक्सडी मालगाडीचे, हे माहीत असेल तरच कळायचे. 1947 नंतरच्या डब्ल्यूपी, डब्ल्यूजी या नावांत पॅसेंजर आणि गुड्स सरळ वाचता येतात.

त्याआधी तर नुसती नावेच. 1852 मध्ये मुंबईत बांधकामावर राबलेले ‘लॉर्ड फॉकलंड’ गव्हर्नरांच्या नावाचे. 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारी साहिब, सिंध, सुलतान ही तर लोकांच्या तोंडची नावे. नावे तीन, पण यंत्रे व्हल्कन फाउंड्रीची, एकाच घडणीची: 2-4-0. चाके मोजून लिहायची ही रीत अमेरिकेच्या फ्रेडरिक व्हाइट यांनी 1900 च्या सुमारास रूढ केली. लघुगुरू मोजून वृत्त ओळखावे तशी ती. पुढे दोन आधाराची चाके, मध्ये चार ओढणारी, मागे काही नाही. ते शेवटचे शून्य मला फार आवडते. नसलेल्या चाकांचीही तिथे नोंद होते. युरोपात चाकांऐवजी आस मोजतात, म्हणून हेच इंजिन तिकडे ‘1बी’.

वर्गीकरण म्हणून झेडडीएम सरस, झेडडी अर्धवट. पण चाकांच्या आकड्यांत साहिब आणि सुलतान वेगळे काढता येत नाहीत. म्हणून जुन्या इंजिनाबद्दल लिहिणाऱ्यांनी लोकांनी दिलेले नाव खुशाल लिहावे, फक्त त्याच्याखाली रुळांची रुंदी, चाकांची मांडणी, कारखाना आणि साल, एवढे चारही तपशील न चुकता द्यावेत.