मेनका (लीला सोखी)

(१८९९–१९४७). कथ्थक नर्तकी, नृत्यनाट्यकार व खंडाळा येथील ‘नृत्यालयम्’ या संस्थेच्या संस्थापिका. माहेरचे नाव लीला रॉय. जन्म बारिसाल (सांप्रत बांगला देश) येथे एका बॅरिस्टरच्या कुटुंबात. शिक्षण दार्जिलिंग व इंग्लंड येथे. प्रारंभी त्यांनी व्हायोलिनवादनाचा अभ्यास केला. पती डॉ. साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होत.

अभिजन कुटुंबातील स्त्रीने व्यावसायिक रंगमंचावर कथ्थक नाचणे त्या काळी अप्रतिष्ठेचे मानले जाई. रशियन नर्तकी आना पाव्हलॉव्हा यांच्या प्रोत्साहनाने लीलाबाई भारतीय नृत्याकडे वळल्या व ‘मेनका’ हे नाव घेऊन त्यांनी प्रयोग सुरू केले. अच्छन महाराज, लच्छू महाराज इ. गुरूंकडून त्यांनी कथ्थकचे शिक्षण घेतले.

त्यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी यूरोपीय बॅलेची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. स्वच्छंदतावादी बॅलेत भारतीय नर्तकी ही एक कल्पित, विदेशी मोहिनी होती. पोर्तुगीज भाषेतील नर्तकीवाचक शब्दावरून फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ ही संज्ञा रूढ झाली. १८३० साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी हिने अशीच बायादेर रंगविली; तिचे नृत्य मात्र सर्वस्वी यूरोपीय होते. १८३८ मध्ये दक्षिण भारतातील देवदासींचे पथक पॅरिसला गेले, तेव्हा कल्पित व प्रत्यक्ष यांतील अंतर तेथील प्रेक्षकांस दिसले. मेनका यांनी या व्यवहाराची दिशा उलटविली. बॅलेची रचनातत्त्वे त्यांनी घेतली. परंतु पदन्यास व अंगविक्षेप भारतीयच ठेवले.

कृष्णलीला, देवविजय नृत्य, मेनका लास्यम् आणि मालविकाग्निमित्रम् (१९३९) ही त्यांची प्रमुख नृत्यनाट्ये. निवेदनावाचून उलगडणारे कथानक, तालमींनी बांधलेल्या समूहरचना, वेशभूषेची एकवाक्यता व आटोपशीर कालावधी ही त्यांची वैशिष्ट्ये. कथ्थकच्या जोडीला प्रसंगानुरूप मणिपुरी व कथकळी यांचाही त्यांनी उपयोग केला. मालविकाग्निमित्राची निवड विशेष मार्मिक होय. त्या नाटकात मालविकेचे नृत्य हाच कथानकाचा एक आधार असल्यामुळे एकल नृत्याला आगंतुकपणा येत नाही.

१९३६–३८ या काळात मेनका यांच्या पथकाने यूरोपचा दौरा केला. सरोदवादक सखावत हुसेन खाँ या पथकात होते. १९३६ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यमेळाव्यात पथकाचा गौरव झाला. मात्र १९३८ साली प्रदर्शित झालेल्या एशनापूरचा वाघ या जर्मन चित्रपटात याच पथकाचे नृत्य एका काल्पनिक संस्थानाच्या शोभेसाठी वापरले गेले. ज्या मोहिनीला मेनका यांनी छेद दिला, तिनेच त्यांना पुन्हा आपल्या चौकटीत बसविले.

कलादृष्ट्या त्यांच्या प्रयोगाची किंमतही नोंदविली पाहिजे. कथ्थकचा प्राण उपजेत आहे. तबलजीशी होणारी सवाल-जबाबाची चढाओढ, एकाच ओळीचा नाना परींनी केलेला भाव व समेवर येण्याची अनिश्चित उत्कंठा या गोष्टी पूर्वनियोजित समूहरचनेत मावत नाहीत. नृत्यनाट्यात नर्तकाला ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पोहोचावे लागते. मेनका यांनी कथ्थकला प्रसंगबद्धता दिली, पण त्या प्रमाणात त्याचे स्वातंत्र्य संकोचले. तथापि मैफलीपुरत्या राहिलेल्या या नृत्याला सार्वजनिक रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून देण्यास ही शिस्त उपकारक ठरली, हे नाकारता येणार नाही.

या दोहोंचा मेळ त्यांच्या मराठी शिष्या दमयंती जोशी (१९२८–२००४) यांच्या कारकीर्दीत दिसतो. बालवयातच त्या मेनका यांच्या पथकात दाखल झाल्या व यूरोपच्या दौऱ्यातही होत्या. पुढे त्यांनी नाव मिळविले ते मात्र एकल कथ्थकमध्ये. नृत्यनाट्याने तयार केलेल्या रंगमंचावर एकल नर्तकी पुन्हा उभी राहिली. पण आता ती प्रतिष्ठित कलावंत होती. मेनका यांच्या कार्याचे खरे फलित त्यांच्या नृत्यनाट्यांपेक्षा या बदलात अधिक शोधावे लागते.