उपदेशातील मौन

मराठी समीक्षेने कीर्तनाची परंपरा तपासली, लोकनाट्याची तपासली. पण ख्रिस्ती पाळकाच्या उपदेशाकडे तिने फारसे लक्ष दिले नाही. वास्तविक अहमदनगर परिसरात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि पुढे मंडळीत आले ते बहुसंख्य महार-मांगच. म्हणजे दलितांसमोर पिढ्यान् पिढ्या बोलले गेलेले हे गद्य आहे. त्याची झडती दलित समीक्षेने घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची?

या उपदेशाचा कणा म्हणजे पाप. पण पाप कोणाचे? ऐकणाऱ्याचे! दारू, खोटेपणा, भांडण, आळस. ज्या व्यवस्थेने त्याला गावकुसाबाहेर टाकले, तिचे पाप मात्र उपदेशात क्वचितच येते. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना (हे लेखन १९८९ साली इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आले) नेमके यावरच बोट ठेवले आहे. आपल्या अधोगतीचे कारण आपलेच पाप, असे ज्याला शिकवले जाते, तो परिस्थितीशी झगडणार कशाला?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परक्या चालीवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिला, कीर्तन दिले. परंतु १८९५ साली बाप्तिस्मा घेताना टिळकांनी जात सोडली, तो त्याग ठरला. महाराने बाप्तिस्मा घेतला तरी गावाने त्याची जात सोडली नाही. या दोन अनुभवांना एकच भक्तीची भाषा कशी पुरेल? घरातला पहिला पदवीधर म्हणून मी जी प्रमाण मराठी कॉलेजात धडपडत शिकलो, तीच मला अनेक उपदेशांत ऐकू येते. वस्तीची बोली दाराबाहेर वहाणांपाशी राहते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याला उत्तर देतात. बाप्तिस्म्याआधीच जात ही माणसांनी केलेली आहे असे त्या स्वतः विचार करून ठरवतात आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास तयार होतात. आत्मिक वाढ म्हणतात ती हीच. ती पाण्याच्या तांब्यापाशी सिद्ध होते. तरीही ही वाढ सोवळे सोडणाऱ्याची आहे. ज्याला पाणी नाकारले गेले, त्याची वाढ कोणती?

हा प्रश्न अरविंद निर्मळ यांनी धर्मशास्त्रात आणला. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील भाषणातून त्यांनी दलित ईश्वरविद्येची वाट खुली केली. येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले, हा शास्त्रभाग घ्या. नेहमीचा उपदेशक म्हणतो, हृदयमंदिर स्वच्छ करा. निर्मळ त्यात परराष्ट्रीयांचा उपासनेचा नाकारलेला हक्क पाहतात आणि त्याला दलितांच्या मंदिरप्रवेशाशी जोडतात. १९३० चा काळाराम सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शास्त्रभाग तोच, उभे राहण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो.

कोणी म्हणेल, व्यासपीठ हे राजकारणाचे स्थान नव्हे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले आहे. या यादीत १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध दलितांचा समावेश झाला. तो बाहेरच राहिला. कायद्याच्या लेखी त्याची जात संपली, गावाच्या लेखी शाबूत आहे. अशा वेळी व्यासपीठावरचे मौन तटस्थ राहत नाही. ते कायद्याच्या बाजूने पडते.

पाळक म्हणजे कळप राखणारा. मेंढराला रात्री प्रार्थना शिकवणे हे त्याचे काम खरेच. पण लांडगा कोणत्या वाटेने येतो, हे सांगणे त्याहून आधीचे काम आहे. जो उपदेश जातीला पाप म्हणणार नाही, त्याने तारणाची भाषा दलितांपुढे बोलू नये.