फुकटच्या बाजारात ‘अक्करमाशी’ वाचताना

आमच्या बाजारात सगळं फुकट असतं, तरी पहिला प्रश्न भावाचाच येतो. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा राखाडी स्वेटर हातात धरून बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘काय भाव शे भो?’’ मी म्हटलं, ‘‘पैसे नाहीत बाबा, घेऊन जा.’’ त्यांनी स्वेटरची नीट घडी केली, होता तिथे ठेवला आणि निघून गेले.

शेजारी उभा असलेला मित्र म्हणाला, ‘‘मानी माणूस आहे.’’ तेव्हा मला ते पटलं होतं. आता पटत नाही. त्याला कारण झालं शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’. ते पुस्तक दानधर्मावरचं नाही, पण या बाजाराबद्दल मला त्याने जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने शिकवलं नाही.

आधी बाजाराबद्दल. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर चोपड्याला. आम्ही सात-आठ जण दर दोन महिन्यांनी एका रविवारी टेबलं मांडतो. कपडे, भांडी, दप्तरं, शाळेची पुस्तकं, एखादा चालू मिक्सर. वस्तू येतात गावातल्या कॉलन्यांमधून. घेणारे असतात केळीच्या बागांत कामाला जाणारे मजूर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेली पावरा-बारेला कुटुंबं.

कल्पना आमची नाही. २०१५ मध्ये इराणच्या मशहद शहरात कुणीतरी एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या आणि लिहिलं, की गरज नसेल तर इथे ठेवा, गरज असेल तर घ्या. त्याच सुमारास आपल्याकडे गावोगावी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. ‘नको असेल ते द्या, हवे असेल ते घ्या’ ही पाटी तुम्हीही पाहिली असेल. अमेरिकेत २००३ च्या सुमारास मुक्त व्यापार कराराच्या विरोधातल्या आंदोलनांतून असाच फुकटचा बाजार निघाला. त्यात देणारे आणि घेणारे वेगळे नसावेत, प्रत्येकाने दोन्ही करावं, अशी कल्पना होती. आम्ही ही कल्पना वाचली होती आणि आवडलीही होती. तरी मी बनवलेल्या गुगल शीटमध्ये दोन वेगळे रकाने होते : ‘दाते’ आणि ‘लाभार्थी’.

‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. लिंबाळे तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचे होते. पुस्तकाच्या सुरुवातीलाच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुलं एका झाडाखाली जेवायला बसतात, महार मुलं दुसऱ्या. सवर्णांचं जेवण झाल्यावर उरलेलं अन्न या मुलांना गोळा करायला सांगतात. मुलं भुकेली आहेत, ते खातात. घरी कळल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडं का आणलं नाहीस. आणि मग वर्गात गुरुजी सांगतात, सहलीवर निबंध लिहा.

हा प्रसंग आपण बहुतेक वेळा भुकेचा आणि अस्पृश्यतेचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मीही तसाच वाचला होता, गलबललो होतो आणि पुढच्या पानावर गेलो होतो. बाजार सुरू झाल्यावर पुन्हा वाचला, तेव्हा मी निबंधापाशी अडकलो. उष्टं देणं एवढ्यावर त्या व्यवस्थेचं समाधान होत नाही. ज्याने ते खाल्लं त्यानेच सहल किती छान झाली हे सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचं आहे. मुलाला लिहिता येत नाही, तर तोही त्याचाच दोष.

हे वाचताना मला आमचे फोटो आठवले. पहिल्या तीन बाजारांत आम्ही प्रत्येक घेणाऱ्याचा वस्तूसोबत फोटो काढला होता. ‘‘ताई, जरा हसा ना,’’ असं मी स्वतः म्हटलेलं आहे. ते फोटो आमच्या पेजवर गेले, भरपूर लाइक्स आल्या, आणखी कपडे आले. त्यात वाईट काय, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की फोटोमुळे विश्वास बसतो, काम वाढतं. ते खोटंही नाही. पण तो निबंधच होता, आणि आम्ही तो घेणाऱ्यांकडून लिहून घेत होतो.

भेटवस्तूंवर विचार करणारे लोक नेहमी मार्सेल मॉसपाशी जातात. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडलं की देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. फुकट असं काही नसतं. परत करता आलं नाही तर घेणारा खाली जातो. आजोबांच्या स्वेटरला हे चपखल बसतं : भाव विचारणं म्हणजे परतफेडीची वाट शोधणं. मी ‘पैसे नाहीत’ म्हणून ती वाटच बंद केली.

पण मॉस ‘अक्करमाशी’पाशी येऊन थांबतो. परतफेड करता येत नाही कारण ऐपत नाही, हे एक. आणि परतफेड करायलाच बंदी आहे, हे वेगळं. त्या सहलीत समजा एखाद्या महार मुलाने आपली भाकरी पलीकडच्या झाडाखाली नेली असती, तर ती कोणी घेतली असती का? अस्पृश्यता म्हणजे फक्त शिवायचं नाही एवढंच नव्हे. अन्न आणि पाणी एकाच दिशेने जाईल, उलट कधी येणार नाही, अशी ती पक्की रचना आहे. ज्याच्या हातचं घ्यायचंच नाही, त्याला कितीही दिलं तरी तो बरोबरीचा होत नाही.

याहून कडू गोष्ट पुस्तकाच्या नावात आहे. बारा माशांचा तोळा, अकरा माशांचा तो अक्कर, म्हणजे पुरा न भरलेला. आई दलित, बाप पाटील, आणि बाप नातं मान्य करत नाही. म्हणजे जन्माने हा मुलगा दोन्ही झाडांखालचा आहे. पलीकडच्या झाडाखालून त्याला मिळायला हवा होता तो वाटा, आणि मिळालं उष्टं. नातं मान्य केलं तर वाटा द्यावा लागतो. नाकारलं की तेच देणं उपकार होतं. मला हे पुस्तक आता मुख्यतः या फरकाचं वाटतं.

हा फरक मी आमच्या घरात पाहिला. दहावीपर्यंत मी मावसभावाचे शर्ट घातले. आई तिच्या बहिणीच्या साड्या आनंदाने नेसते. वापरलेल्या कपड्यांचं आम्हाला वावडं नाही. एका बाजारात सुंदर, जवळजवळ नवी सुती साडी आली. मी आईला म्हटलं, घे. ती म्हणाली, ‘‘कोणाची नेसलेली, काय माहीत.’’ मग थोडं थांबून, ‘‘आपण देणारे रे.’’ तिने जातीचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. मी वाद घालणार होतो, पण आठवलं की तोपर्यंतच्या पाच बाजारांतून मीही एकही वस्तू घरी नेली नव्हती.

यावर उपाय काय? एक उत्तर अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’चं आहे. १९९९ पासून ही संस्था शहरातले कपडे खेड्यांत नेते, पण सुरुवातीला ‘क्लॉथ फॉर वर्क’ नावाने ओळखल्या गेलेल्या तिच्या उपक्रमात गावकरी आधी विहीर, बांध, रस्ता असं स्वतःच्या गावाचं काम करतात आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. एक शंकाही आहे : कपाटातून साडी काढून देणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही, घेणाऱ्याने मात्र श्रम दाखवायचे. तिथे मान वाचतो, पण परीक्षा अजूनही एकाच बाजूची आहे.

आम्ही दुसऱ्या बाजूची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फोटो बंद केले. शीटमधले दोन रकाने काढून एकच ठेवला : ‘आलेले लोक’. आणि नियम केला की टेबलामागे उभं राहायचं असेल तर त्या दिवशी किमान एक वस्तू घरी न्यायची आणि वापरायची. दोन जणांनी येणं बंद केलं. त्यांनी कारण वेगळं सांगितलं, पण आम्हाला कळलं. पाड्यावरच्या एका बाईंनी पुढच्या खेपेला पिशवीभर मोहाची फुलं आणून टेबलावर ठेवली आणि न बोलता मुलीसाठी दप्तर निवडू लागल्या. ती फुलं काय करायची हे कॉलनीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाच विचारावं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा टेबलापलीकडचं माणूस शिकवत होतं आणि आम्ही ऐकत होतो.

यातून जात गेली असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांतल्या एका रविवारी तीन तासांत ती जात नाही, आणि दप्तराने कोणाची मजुरी वाढत नाही. लिंबाळ्यांचं पुस्तक अशा समाधानाला जागाच ठेवत नाही, म्हणून ते मला प्रत्येक बाजाराआधी चाळावंसं वाटतं. आपल्या सत्कार्याबद्दल बरं वाटायला लागलं की सहलीचं पान उघडायचं आणि पाहायचं, की आज निबंध कोणाला लिहायला लावतोय.

म्हणून हा निबंध मी लिहिला. ती सुती साडी कुणीतरी नेली. राखाडी स्वेटर मी नेला, पुण्यात थंडीत घालतो. आजोबा पुन्हा आले तर त्यांना भाव सांगायचा असं ठरवलंय. काय सांगायचा, ते त्यांनाच विचारेन.