बिबट्यांचे स्थलांतर : एका संशोधनाचे परीक्षण

कुकडी नदीवरील येडगाव धरणासारख्या प्रकल्पांमुळे जुन्नर परिसरात ऊस वाढला आणि उसात बिबट्यास आसरा मिळाला. या वनविभागातील बिबट्यांच्या स्थलांतराचा अभ्यास विद्या अत्रेय, ओडन, लिनेल व कारंत यांनी 2011 साली ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात मांडला. 2001 पासून बिबटे पकडून वनांत नेऊन सोडण्यात आले. तत्पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. नंतर ते 17 झाले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले. योजिलेला उपायच अपायकारक ठरला, हे निर्भयपणे दाखविण्यात या निबंधाचे मोल आहे.

तथापि प्राणघातकतेचा आकडा केवळ श्वापदाच्या वर्तनाचा निदर्शक मानता येत नाही. जखमीचे वय, जखमेचे स्थान व रुग्णालय गाठण्यास लागलेला वेळ यांवरही मृत्यू अवलंबून असतो. म्हणून वन्यजीवशास्त्राची गणना वैद्यकाच्या नोंदींशी ताडून पाहावयास हवी. बंदिवासाचा प्राण्यावरील ताण पशुवैद्यकाने तपासावयास हवा. पूर्वोत्तर तुलनेने कार्यकारणभाव संभवनीय ठरतो, सिद्ध होत नाही. मात्र पिंजरा लावण्यापूर्वी थांबून विचार करण्यास एवढी संभवनीयताही पुरेशी आहे.